पन्नास डॉलरांत उजेड

टेक्सासमध्ये रायफल घेणं सोपं आहे. अवघड आहे ते तिला बॅटरी लावणं.

माझ्या मेव्हण्याने रायफल घेतली तेव्हा दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरला, दुकानदाराने केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे त्याच्या नावाची चौकशी केली, तिकडून होकार आला आणि जेवायच्या वेळेला गडी रायफल घेऊन घरी. बॅटरीला मात्र फॉर्म नाही, चौकशी नाही, होकार-नकार काही नाही. ती कुणीही, कधीही, कितीही घ्यावी. म्हणूनच ती घेऊन होत नाही. सरकारने एखादा अर्ज ठेवला असता तर माणूस एकदाची सही ठोकून मोकळा झाला असता.

सॉफ्टवेअरमधल्या माणसाला रायफल कशाला, असं कुणी विचारील. शेतीसाठी. मेव्हणा मूळचा सांगलीकडचा, घरचा ऊस. सॅन अँटोनियोत वर्षानुवर्षं संगणकापुढे बसल्यावर अंगातल्या उसाने उचल खाल्ली आणि त्याने शहराबाहेर थोडी जमीन घेतली. इथे जमिनीवर शेती दाखवली की मालमत्ता कर बराच उतरतो. पाच ते वीस एकरांत नुसत्या मधमाश्या पाळल्या तरी ती शेती धरतात, त्यामुळे टेक्सासमधल्या पुष्कळ मधमाश्या मधासाठी नसून करासाठी राबतात. मेव्हण्याने पेट्या ठेवल्या, पिकानची झाडं लावली आणि कुंपणावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. पाटी वाचून पहिली कोण आली असतील, तर रानडुकरं.

टेक्सासच्या २५४ काउंट्यांपैकी २५३ मध्ये रानडुकरं आहेत, असं इथे सांगतात. उरलेली एक एल पासो. तिथे वाळवंट आहे, आणि डुकरांनाही आवडनिवड असते. त्यांची संख्या पंचवीस लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे. मूळची ही स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं, सुटून रानटी झालेली. पुढे १९३० च्या दशकात काही जमीनदारांनी शिकारीची हौस म्हणून युरोपातली रानडुकरं आणून सोडली. हौसेची आणि सुटलेली अशा दोन्ही घराण्यांत सोयरिकी झाल्या आणि आता अख्खं राज्य त्यांच्या मागे धावतंय. २०११ साली कायदा झाला की हेलिकॉप्टरमधून डुकरं मारलेली चालतील. हेलिकॉप्टरच्या आवाजाने डुकरं पळतात म्हणून २०१७ साली गरम हवेच्या फुग्यातूनही परवानगी मिळाली. २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. फुगा वाऱ्याबरोबर जातो आणि डुकराला माणसाचा वास वाऱ्यावरूनच येतो, हा मुद्दा विधिमंडळात कुणी मांडला होता का, ते बघायला हवं.

मेव्हण्याकडे हेलिकॉप्टर नव्हतं. फुगा त्याने विचारात घेतला होता, पण त्याचं भाडं ऐकून तो जमिनीवर आला. राहिली रायफल. डुकरं येणार रात्री, आणि रात्री रायफल धरण्यात दोन्ही हात गुंतलेले. गावाकडे याला सोपा उपाय होता: एकाने बंदूक धरायची आणि दुसऱ्याने बॅटरी. बॅटरी धरणारा हा स्वतंत्र हुद्दा असे. बंदूकवाल्याला जे बघायचंय ते सोडून बाकी सगळं शिवार तो उजळून दाखवत असे, आणि पुढे आयुष्यभर ‘त्या दिवशी हुकलं ते तुझ्यामुळं’ हे ऐकत असे. त्या हुद्द्यासाठी मेव्हण्याने आधी मलाच विचारलं. “दाजी, तुम्ही नुसती बॅटरी धरायची. बाकी काय करायचं नाही.” मी नाही म्हटलं. तेव्हापासून तो रायफललाच बॅटरी लावायच्या मागे लागला.

बजेट ठरलं पन्नास डॉलर. हा आकडा कुठून आला ते त्यालाही सांगता येणार नाही. मराठी माणसाचं बजेट वस्तूची किंमत कळायच्या आत ठरलेलं असतं, आणि किंमत कळल्यावर चूक वस्तूची असते.

पहिली गाठ पडली ल्युमेनशी. दिव्यातून सगळ्या बाजूंनी मिळून जेवढा उजेड बाहेर पडतो तो ल्युमेनमध्ये मोजतात. आपल्या जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बचा उजेड साधारण ८०० ल्युमेन. आता स्वस्तातल्या बॅटऱ्यांच्या खोक्यांवर एक लाख ल्युमेन असं बिनदिक्कत छापलेलं असतं. म्हणजे सव्वाशे बल्ब, मुठीत मावतील असे, पंधरा डॉलरांत, वर चार्जर फुकट. हे खरं असतं तर डुकराला गोळी घालायची गरजच नव्हती. ते उभ्या जागी भाजून निघालं असतं. मी हे बोलून दाखवल्यावर मेव्हणा म्हणाला, “जाहिरातीत थोडं वाढवून सांगत्यात, दाजी. लाखाचं निम्मं धरा.” निम्मं धरलं तरी साडेबासष्ट बल्ब.

बरं, नुसत्या ल्युमेननेही भागत नाही. लांबवर बघायचं तर उजेड एका दिशेला किती जोरात जातो ते बघावं लागतं, आणि त्याचं माप कँडेला. अंगणभर पसरणारा दिवा ल्युमेनला श्रीमंत असून कँडेलाला भिकारी असू शकतो. या मोजमापांसाठी अमेरिकेत २००९ पासून एफएल-१ नावाचं मानक आहे, आणि ते ज्याने बनवलं त्याने आयुष्यात पुष्कळ स्वस्त बॅटऱ्या घेतल्या असाव्यात, असा माझा कयास आहे. कारण त्यात लिहिलंय की उजेड मोजायचा तो बटण दाबल्याक्षणी नाही. निदान तीस सेकंद जाऊ द्यायचे. पहिले काही क्षण कुठलीही बॅटरी नव्या जावयासारखी तेजस्वी असते.

त्याच मानकात पल्ल्याचा हिशोब आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की पल्ला मीटरमध्ये मिळतो. दहा हजार कँडेला असतील तर दोनशे मीटर. पण पल्ला कुठे संपला असं मानायचं? जिथे उजेड पाव लक्सवर येतो तिथे, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या रात्री जमिनीवर असतो साधारण तेवढ्यावर. थोडक्यात, खोक्यावर दोनशे मीटर लिहिलं असेल तर दोनशे मीटरवर पौर्णिमा पडेल एवढीच हमी आहे. मी सुचवलं की मग पौर्णिमेलाच जाऊ या, बॅटरीच नको. मेव्हण्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “पौर्णिमा महिन्यातनं एकदा. डुकरं रोज हायत.”

रायफलसाठीच बनवलेल्या चांगल्या बॅटऱ्या बाजारात नाहीत असं नाही. शुअरफायर कंपनी १९७९ सालापासून या धंद्यात आहे; तिने सुरुवात बंदुकीवरच्या लेझरपासून केली. तिच्या रायफलवरच्या दिव्यांच्या किमती तीनशे डॉलरच्या आसपास फिरतात. त्याखाली स्ट्रीमलाइट. तिची प्रोटॅक एचएल-एक्स १००० ल्युमेन आणि २७,६०० कँडेला देते, म्हणजे वर्गमूळ-दुप्पट करून ३३२ मीटर, आणि दीडशे डॉलरांच्या आसपास रायफलवर बसवायच्या क्लॅम्पसकट मिळते. दुकानात ती काचेखाली ठेवली होती. मेव्हण्याने ती काढायला लावली, हातात घेतली, चालू-बंद केली, वजन पाहिलं, क्लॅम्पचा स्क्रू फिरवून पाहिला, विक्रेत्याकडून तिच्या सगळ्या गुणांची माहिती घेतली आणि थँक्यू म्हणून परत दिली. “ह्यात नुसती बॅटरी पंचवीसची आहे. बाकीचे पैसे क्लॅम्पचे आणि नावाचे,” तो बाहेर आल्यावर म्हणाला. हे वाक्य मी लक्षात ठेवलं, कारण पुढचे कित्येक शनिवार-रविवार क्लॅम्पवरच गेले.

पंचवीसची बॅटरी आली. अॅल्युमिनियमची, काळी, दिसायला रुबाबदार. तिला लागतात ते सेल १८६५० नावाचे. म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. शेवटचं शून्य आकार गोल आहे म्हणून. इतक्या प्रामाणिक नावाच्या वस्तूत एवढी लबाडी चालते याचं मला नवल वाटतं. चांगल्यातला चांगला १८६५० सेल साडेतीन हजार मिलीअँपिअर-तासांच्या आसपास भरतो. मेव्हण्याच्या सेलवर ९,९०० छापलं होतं. त्याने तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. खऱ्या सेलचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे जातं; याचं त्याहून बरंच कमी भरलं. आत काय होतं देव जाणे, पण जे होतं ते हलकं होतं. मग चांगल्या कंपनीचे दोन सेल आणि चांगला चार्जर वेगळा आला, आणि पन्नास डॉलर इथेच संपले. पण सेल हे रायफलच्या खर्चात धरायचे नाहीत, घरखर्चात धरायचे, असा निर्णय त्याच रात्री झाला.

सेलच्या बाबतीत आमच्या पिढीची मानसिकता वेगळीच आहे. लहानपणी घरात पत्र्याची दोन सेलची बॅटरी होती. उजेड पिवळा पडला की सेल काढून उन्हात वाळत घालायचे, कुणी त्यांना दाताने चेपही द्यायचं, आणि पुढचे आठ दिवस ते चालायचेही. मेव्हणा अजून त्या काळात आहे. हलके निघालेले सेल त्याने फेकले नाहीत, खिडकीत ठेवले. “लिथियमचे सेल आहेत ते, उन्हात ठेवू नकोस, पेट घेतील,” असं त्याच्या ताईने सांगितल्यावर त्याने ते सावलीत ठेवले.

कमकुवत सेलचा विषय निघाला म्हणून मी त्याला जिम कॉर्बेटचा किस्सा सांगितला. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर आठ वर्षांत त्याने १२५ माणसं मारल्याची सरकारी नोंद आहे. त्याच्या मागावर असताना एका रात्री कॉर्बेट आणि त्याचा सोबती इबटसन पेट्रोलची बत्ती घेऊन डोंगर चढत होते. इबटसनचा पाय घसरला, बत्ती दगडावर आपटली, मँटलचा भुगा झाला आणि राहिली निळी ज्योत, ती थेट खालच्या पेट्रोलच्या टाकीवर. बत्ती फुटायला फार तर तीन मिनिटं आहेत, असा इबटसनचा अंदाज. मागे बिबट्या, हातात बाँब. १९२६ च्या मे महिन्यात गुलाबराईला आंब्याच्या झाडावर बसून कॉर्बेटने तो बिबट्या अखेर मारला. खाली बांधलेल्या शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली, त्याने टॉर्चचं बटण दाबलं, बिबट्याचा खांदा नेमका माशीच्या रेषेत होता, चाप ओढला आणि त्याच क्षणी टॉर्च विझला. कित्येक महिने टॉर्च जवळ बाळगूनही त्याने सेल तपासले नव्हते. गोळी लागली की नाही हे न कळता बिचारा उजाडेपर्यंत झाडावर बसून राहिला.

एवढं सगळं सांगायचं कारण, सेलवर पैसे वाचवू नयेत हे त्याच्या डोक्यात उतरावं. मेव्हणा मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे बघा, जुन्या सेलवर पण काम झालंच की.”

आता क्लॅम्प. रायफलवर वस्तू बसवायची पट्टी म्हणजे रेल. तिचंही सरकारी मानक आहे. न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी शस्त्रागाराने ते १९९५ साली ठरवलं, म्हणून पिकॅटिनी रेल. तिच्या आडव्या खाचा ५.२३ मिलिमीटर रुंद आणि एका खाचेपासून दुसरी दहा मिलिमीटरवर. जगातली कुठलीही पिकॅटिनीची वस्तू कुठल्याही पिकॅटिनी रेलवर बसते. भांडण संपलं, असं वाटावं. पण रायफल बनवणाऱ्यांना ही रेल जड आणि हाताला टोचणारी वाटली. मग २०१२ च्या सुमाराला की-मॉड नावाची पद्धत आली, किल्लीच्या भोकासारख्या खाचांची. पाठोपाठ मॅगपुल कंपनीची एम-लॉक आली, लांबट खाचांची. दोन्हींमध्ये आपण जुन्या काळी कॅसेटच्या बाबतीत पाहिलं तसलं युद्ध झालं. अमेरिकन लष्कराच्या विशेष दलांनी चाचण्या करवून घेतल्या, त्यात एम-लॉक सरस ठरली आणि की-मॉडचा माल धडाधड सवलतीत निघाला.

मेव्हण्याच्या रायफलला एम-लॉकच्या खाचा आहेत. सवलतीत त्याला की-मॉडचा माउंट दिसला. मूळ किमतीच्या पाव किमतीत. त्याने दोन घेतले.

ते दोन्ही त्याच्या गॅरेजमध्ये आहेत. टाकत नाही. कधीतरी की-मॉडची रायफल घेतली तर उपयोगी पडतील, म्हणतो. चार डॉलरचा माउंट वाया जाऊ नये म्हणून आठशे डॉलरची रायफल घ्यायची तयारी असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यानंतर एम-लॉकवर बसणारा पिकॅटिनीचा छोटा तुकडा आला. त्यावर बसायला दुर्बिणीची एक इंची कडी आली. एक इंच जाडीच्या बॅटरीला हीच कडी लावणं ही स्वस्ताईतली खरंच हुशारीची युक्ती आहे, आणि पुष्कळ जुने शिकारी ती वापरतात. इतपत सगळं शहाणपणाचं होतं. फक्त मेव्हण्याची बॅटरी एक इंचाला थोडी कमी भरली. कडीत ती गोल फिरायला लागली. भाचीच्या सायकलची जुनी ट्यूब कापून भोवती गुंडाळली आणि वर पाण्याच्या पाइपची होज क्लिप आवळली. आता बॅटरी आणि रायफल यांच्यामध्ये तुकडा, कडी, ट्यूब आणि क्लिप असे चार मध्यस्थ उभे राहिले, आणि मध्यस्थ वाढले की काय होतं ते जमीनखरेदी केलेल्या माणसाला सांगायला नको.

एम-लॉकचा स्क्रू आवळायची एक रीत आहे. स्क्रूच्या टोकाला आडवी चपटी ढिबरी असते. ती खाचेतून आत घालायची, स्क्रू फिरवला की ती आतल्या बाजूला पाव वळसा घेते आणि खाचेला आडवी अडकते. मग ठरावीक जोराने आवळायचं. तो जोर मोजायला टॉर्क रेंच लागतो, आणि बरा टॉर्क रेंच बॅटरीहून महाग. मेव्हण्याने हाताच्या अंदाजाने आवळलं. धक्क्यांनी स्क्रू सुटू नये म्हणून त्यावर लॉकटाइट लावतात. निळं लावलं तर पुढे पान्याने सुटतं, लाल लावलं तर गरम केल्याशिवाय सुटत नाही. हे सांगणारं पत्रक मेव्हण्याकडे होतं, लॉकटाइट नव्हतं. त्याने बायकोची नेलपॉलिश लावली. नेलपॉलिशला मी नावं ठेवणार नाही. स्क्रू हलला की नाही हे कळायला डोक्यावर रंगाची रेघ ओढायची पद्धत चांगली जाणती माणसंही पाळतात. फक्त ती रेघ चकाकणाऱ्या गुलाबी रंगाची असायला हवी असं कुठे म्हटलेलं नाही.

याच खटाटोपात तो बारका स्क्रू हातातून निसटला आणि गॅरेजमधल्या कपाटाखाली गेला. कपाटाखाली अंधार. घरातली सगळ्यांत प्रखर बॅटरी त्या वेळी रायफलवर बसलेली. मेव्हणा रायफल घेऊन जमिनीवर पालथा झाला आणि स्क्रू शोधायला लागला. रायफल रिकामी होती, मॅगझिन आत तिजोरीत होतं, हे सगळं खरं. पण तेवढ्यात त्याची ताई चहा घेऊन आली. रायफलवरच्या दिव्याचा एक मोठा दोष आहे, आणि तो तीनशे डॉलरच्या दिव्यालाही चुकत नाही: जिकडे उजेड, तिकडे नळी. बघायचं असेल तर ज्यावर गोळी झाडायची तयारी आहे तेवढंच बघायचं. बाकी जगासाठी दुसरी, हातातली बॅटरी जवळ असलीच पाहिजे. ताईने हे कुठल्याही शिकारीच्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. कप टेबलावर ठेवून ती एवढंच म्हणाली, “ती नळी माझ्या पायाकडून हलव, नाहीतर चहा तुझ्या पाठीवर येईल.” दुसऱ्या दिवशी हातात धरायची बॅटरी आली. तिचाही खर्च घरखर्चात.

डुकरांना लाल रंग नीट दिसत नाही असं म्हणतात, म्हणून रात्रीच्या दिव्यांवर लाल काच मिळते. काच पंधरा डॉलर. मेव्हण्याकडे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या आराशीतला लाल जिलेटिनचा कागद शिल्लक होता. तो रबर लावून बसवला. डुकरांच्या नाकाबद्दल मात्र कुणाकडेच काही कागद नव्हता. त्या प्राण्याला डोळ्यांपेक्षा नाकानेच जग कळतं आणि मेव्हणा बारमाही अत्तर लावतो.

एवढी जय्यत तयारी झाल्यावर आम्ही एका अमावस्येला निघालो. मी हातातली बॅटरी घेऊन, म्हणजे अखेर त्याच हुद्द्यावर. पिकानच्या झाडांपासून थोड्या अंतरावर पिकअपच्या मागच्या भागात खुर्च्या टाकून बसलो. वारा आमच्याकडून डुकरांकडे होता की डुकरांकडून आमच्याकडे हे ठरवताना दोन मतं पडली. मध्यरात्रीच्या सुमाराला झाडांखाली खसखस झाली, कडकड झाली, कुणीतरी पिकान फोडून खात होतं. मेव्हण्याने रायफल खांद्याला लावली आणि बटण दाबलं.

उजेड पडला. चांगला पडला. प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला. त्यात नळीची काळी सावली खालच्या डाव्या कोपऱ्यात येत होती, कारण बॅटरी नळीच्या टोकापासून बरीच मागे बसली होती. पण मधोमध एक डुकरीण, भोवती पिल्लं, आणि सगळ्यांचे डोळे लाल जिलेटिनमध्ये चमकत होते. गणपतीच्या आराशीत त्या सगळ्यांचा फोटो चालला असता. जिलेटिन तापून वितळायला लागलं होतं आणि त्याचा वास आमच्यापर्यंत येत होता, तेव्हा डुकरांपर्यंत नक्कीच गेला असणार. मेव्हण्याने चाप ओढला.

इथे स्वस्त बॅटरीच्या पोटातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तिचा सेल एका स्प्रिंगवर टेकलेला असतो. रायफलचा धक्का बसला की सेल क्षणभर स्प्रिंगवरून उडतो आणि वीज तुटते. आणि तिचं बटण अर्धं दाबलं, म्हणजे क्षणभर वीज तोडली, की उजेडाची तऱ्हा बदलावी अशी तिची रचना असते: प्रखर, मध्यम, मंद, मग लुकलुक आणि मग एसओएस, म्हणजे तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे झोत. संकटात सापडलेल्या गिर्यारोहकासाठी ठेवलेली ही सोय. रायफलचा प्रत्येक धक्का बॅटरीला बटण दाबल्यासारखाच वाटतो. रायफलसाठी बनवलेल्या बॅटऱ्यांत सेल दोन्ही बाजूंनी घट्ट धरलेला असतो, म्हणून त्या महाग.

पहिल्या गोळीने उजेड मध्यम झाला आणि डुकरं पळाली. दुसरी पळणाऱ्या डुकरांमागे, तिसरी त्याहून मागे. चौथ्या गोळीपर्यंत शेतात एकही डुक्कर नव्हतं आणि बॅटरी एसओएस पाठवत होती. धक्क्यांनी बटण आत रुतलं होतं, त्यामुळे ती बंद होईना. मागचं टोपण फिरवून उघडावं तर ते ट्यूब आणि होज क्लिपच्या खाली दबलेलं. क्लिपचा पाना घरी. मेव्हणा रायफल आकाशाकडे धरून उभा आणि आम्ही दोघं मिळून टेक्सासच्या आभाळाला मदतीची हाक देत होतो, लाल रंगात.

थोड्या वेळाने एका पिकअपचे दिवे आमच्याकडे यायला लागले. शेजारचा म्हातारा रँचर. लष्करात होता, मोर्स कळतो. कुणाला तरी लागलंय असं समजून तो प्रथमोपचाराची पेटी आणि बायकोने बांधून दिलेली ब्लँकेट घेऊन आला होता. आमच्या दोघांच्या अंगावर त्याने दिवा फिरवला, रक्त दिसलं नाही, मग तो दिवा रायफलवर स्थिरावला. सायकलची ट्यूब, होज क्लिप, वितळलेलं जिलेटिन, गुलाबी नेलपॉलिश. त्याने सगळं शांतपणे, वरपासून खालपर्यंत बघितलं. हसला नाही, हे त्याचं मोठेपण. खिशातून पक्कड काढून त्याने क्लिप सैल केली, टोपण फिरवलं आणि अंधार झाला.

मग ब्लँकेटवर बसून त्याने आम्हाला डुकरांची गोष्ट सांगितली. गोळ्या घालून डुकरं संपत नाहीत. दर वर्षी दोन-तृतीयांश डुकरं कमी केली तर कुठे त्यांची संख्या जागच्या जागी राहते. कळपातलं एक मारलं तर उरलेली तेवढी शहाणी होतात आणि जागा बदलतात. त्याच्याकडे गोल जाळीचा मोठा सापळा आहे. आत मका टाकायचा, दारावर कॅमेरा. सगळा कळप आत आला की मोबाइलवर बटण दाबायचं, दार पडतं. “आय डू इट इन माय पजामाज,” म्हातारा म्हणाला. सापळा आम्हाला वापरायला देईन म्हणाला, भाड्याशिवाय. फक्त मका आपला.

घरी येताना मेव्हणा गप्प होता. एवढा शहाणा सल्ला फुकट मिळाल्यावर माणूस विचारात पडणारच, असं मला वाटलं. सापळ्याच्या मक्याचा हिशोब करतोय की काय म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं.

“दाजी,” तो म्हणाला, “थर्मल दुर्बीण घेतली तर बॅटरीच लागत नाही. डुकराच्या अंगातली उष्णताच दिसते. उजेड नाही, लाल नाही, काही नाही.”

“चांगली थर्मल दुर्बीण हजारांत जाते,” मी म्हटलं.

“सेकंडहँड बघू. पाचशेत बसवायची.”

“पाचशेत माउंटसकट?”

“माउंट घरी हायत की. दोन.”